सोमवारचं नाव

खोकं आलं तेव्हा घरात वाती वळायचं काम चाललं होतं. उद्या रविवारी काशिनाथरावांचं सहस्रचंद्रदर्शन, आणि हजार वातींपैकी अजून अडीचशे व्हायच्या होत्या. जेवणाच्या टेबलावर कापसाचे पेळू पसरले होते. एका बाजूला लीलाबाई, दुसऱ्या बाजूला त्यांची धाकटी जाऊ अस्मिता, मध्ये सून ममता. अस्मिता आणि तिचा नवरा धैर्यशील परवाच पुण्याहून आले होते. काशिनाथरावांचा हा एकुलता एक धाकटा भाऊ सव्वीस तासांचा प्रवास करून न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये उतरला होता आणि उतरल्यापासून थंडीबद्दल कुरकुरत होता.

कुरिअरवाल्यानं खोकं दारातल्या जँडल्सच्या, म्हणजे इथल्या रबरी चपलांच्या, ढिगात ठेवलं आणि गेला. नात गार्गीनं ते ओढत आत आणलं.

"ओमा, युअर बुक्स आर हिअर!"

गार्गी आजीला पहिल्यापासून ओमाच म्हणायची. पन्नास वर्षांपूर्वी ही आजी लिझेलोटे बेर्गर होती, जर्मनीतल्या श्टुटगार्टची. तिकडे शिकायला गेलेल्या काशिनाथरावांशी लग्न करून ती पुण्याच्या मोघ्यांच्या घरात आली, लीला झाली, आणि पुढे सोवळ्याओवळ्यात, उपासतापासात घरच्या सगळ्यांना मागे टाकून गेली. इथे न्यूझीलंडमध्ये थंडीत तुळस जळते म्हणून ती कुंडी खिडकीत आणून ठेवणारी आणि तिला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी या घरात तीच एक.

गार्गीनं कात्रीनं टेप कापली. वर निळ्या पुठ्ठ्याची पुस्तकं. सोफ्यावर चहा घेत बसलेल्या धैर्यशीलनं, जवळ येईल ते उचलून बघायची सवय होती म्हणून, एक पुस्तक उचललं. नाव जर्मनमध्ये होतं, ते त्याला कळलं नाही. पण लेखिकेचं नाव रोमन अक्षरांखाली देवनागरीतही छापलं होतं. लीलाबाईंनीच हट्टानं छापून घेतलं होतं.

सिंधू बेर्गर.

धैर्यशीलनं कप खाली ठेवला. बशीत ठेवायचा तो टीपॉयवर ठेवला, आणि चहा सांडला तरी त्याचं लक्ष गेलं नाही.

"वहिनी, हे काय आहे?"

"पुस्तक आहे, भावजी."

"ते दिसतंय मला. हे नाव काय आहे?"

लीलाबाईंनी हातातली वात पुरी केली, टोकाला पीळ दिला, डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "माझं टोपणनाव आहे."

त्या लिहितात हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. गॅरेजमध्ये गाडीऐवजी त्यांचं टेबल आणि कपाटं होती. दारावर पाटी होती, तुलसी फेरलाग, म्हणजे तुलसी प्रकाशन. लिहिणाऱ्या त्या, मुद्रितं तपासणाऱ्या त्या, पाकिटांवर पत्ते घालणाऱ्याही त्याच. छपाई जर्मनीत व्हायची. मंगळवारी त्या हान्स पेटर्झन व्हायच्या आणि खून, पोलीस, धुकं असल्या गोष्टी लिहायच्या. शुक्रवारी मारिया लोरेन्झ होऊन प्रेमकथा लिहायच्या. त्यावर प्रसन्न, त्यांचा मुलगा, कितीतरी वर्षं विनोद करत आला होता. तिसऱ्या नावाची कोणालाच कल्पना नव्हती. सोमवारी त्यांचा कडक उपास. सकाळी पूजा झाली की गॅरेजचं दार बंद व्हायचं ते चारला उघडायचं. आई जपाला बसली आहे, असं घर धरून चाललं होतं. विचारलं कोणी नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

"टोपणनाव!" धैर्यशीलचा आवाज चढला. "अख्ख्या जगात तुम्हाला हेच सापडलं?"

"काका, कोण सिंधू?" प्रसन्न लॅपटॉपवरून मान वर करत म्हणाला. हॉलमधल्या खुर्च्या कशा मांडायच्या याचा नकाशा काढत होता तो.

 अस्मितानं पेळू हातात तसाच धरला होता. खिडकीशी आरामखुर्चीत बसलेल्या काशिनाथरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"तुझी आत्या," लीलाबाई म्हणाल्या.

"मला आत्या आहे?"

"आहे. मिरजेला असते. एकोणसत्तर वर्षांची आहे. तिथल्या दवाखान्यात नर्स होती, आता घरी असते. गुडघे दुखतात."

प्रसन्ननं लॅपटॉप मिटला. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला शनिवारी दुपारी, खुर्च्यांची मांडणी करताना, आत्या मिळाली होती.

"आई, आणि आजपर्यंत…"

"आजपर्यंत या घरात तिचं नाव घ्यायचं नव्हतं. तुझ्या आजोबांनी तसं सांगितलं होतं. तुझ्या आजोबांनी सांगितलं की झालं."

"कारण होतं ना त्याला!" धैर्यशील उठून उभा राहिला. "कोणाबरोबर गेली ती? त्या रणजितबरोबर. कंपाउंडर! ना शिक्षण, ना जात. बाबांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही."

लीलाबाई त्याच्याकडे शांतपणे बघत राहिल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. लग्नानंतर मराठी शिकताना त्या सासूबाईंचं बघून शिकल्या होत्या, आणि सासूबाईंना रागावतानाही कुजबुजायची सवय होती.

"भावजी, त्याच्या दोनच वर्षं आधी तुमच्या दादांनी मला आणलं होतं. माझी कुठली जात होती? मला बघायला तर अर्धी पेठ आली होती. बाबा सगळ्यांना सांगायचे, आमची सून जर्मन आहे. मुलानं परदेशातून बायको आणली तेव्हा पेढे वाटले. मुलगी मिरजेला गेली तर मेली."

"दॅट्स सो अनफेअर," गार्गी म्हणाली.

"तू गप्प बस, गार्गी," ममता म्हणाली, पण सवयीनं.

माघातली ती सकाळ लीलाबाईंना कालची असल्यासारखी आठवत होती. चिठ्ठी सापडली. सासरे अंगणात आले आणि एवढंच म्हणाले, "तिच्या नावानं आंघोळ करा." बंबाला विस्तव घातला नव्हता. सासूबाई रडत रडत न्हाणीघराकडे निघाल्या, पण त्यांच्याही आधी लीला पोचली. सव्वीस वर्षांची लीला. अजून पोळी वाकडी लाटणारी, सणावारी चुकणारी, पाहुण्यांनी कौतुकानं आणि शेजाऱ्यांनी संशयानं बघितलेली. घरच्यांसारखं काहीतरी करायची ही संधी आहे असं तिला वाटलं. तिनं सगळ्यात आधी तांब्या उचलला आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. कुडकुडत बाहेर आली तेव्हा सासऱ्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. त्या दिवशी आपण या घरच्या झालो, असं तिला वाटलं होतं. आणि ज्या पोरीनं तिला मराठी अक्षरं गिरवायला शिकवली, तिच्या नावाचं पाणी तिच्या केसांतून टपकत होतं.

पुढच्या सोमवारी तिनं देवासमोर संकल्प सोडला. दर सोमवारी उपास करायचा आणि एक पान सिंधूच्या नावानं लिहायचं. गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर येणाऱ्या पत्रांतून सिंधू सांगेल ते लिहायचं, आणि आपल्याला आठवेल तेही. दोन बाळंतपणं, एक मोठं आजारपण आणि एक देशांतर, एवढं सगळं झालं, पण सोमवार चुकला नाही.

आता प्रसन्ननं मध्यस्थाचा आवाज लावला. ऑफिसातल्या मीटिंगांमध्ये तो असाच बोलत असणार. "काका, एक मिनिट. आई, हे बघ, तुझ्याकडे आणखी दोन नावं आहेत ना? शेवटी टोपणनाव ते टोपणनाव. मारिया लोरेन्झ टाक. पब्लिशर तूच आहेस, कोणाला विचारायचंही नाही. नवं कव्हर, नवं प्रिंट. हे खोकं बाजूला ठेवू. काका खूश, तू खूश. स्वीट ॲज, सगळं ठीक."

"बरोबर बोलतोय पोरगा," धैर्यशील म्हणाला. "मी पुस्तक जाळा म्हणतोय का? लिहा काय लिहायचं ते. फक्त नाव काढा. खोट्या नावानंच लिहिता ना तुम्ही? मग एक खोटं नाव गेलं, दुसरं आलं."

"सिंधूला विचारून घातलंय मी ते. ती म्हणाली, घाल. कुठेतरी छापून येऊ दे."

"तिला विचारलंत! आणि आम्हाला?"

"आई," ममता चाचरत म्हणाली, "उद्या साठ माणसं येणार आहेत. पुकेकोहेहून भाटे मंडळी सकाळच्या विमानानं येताहेत. उद्याचा दिवस तेवढा होऊन जाऊ दे ना. मग बघू."

लीलाबाईंनी सुनेकडे पाहिलं. ममताच्या मनात वाईट नव्हतं. सेहेचाळीस वर्षं या घरातल्या प्रत्येक बाईनं हेच म्हटलं होतं. एवढं लग्न होऊन जाऊ दे. एवढी मुंज होऊन जाऊ दे.

तोवर गार्गी पुस्तक घेऊन सोफ्यावर मांडी घालून बसली होती. शाळेत तीन वर्षं जर्मन घेतलेलं, आजीनं रोज तासभर घोटून घेतलेलं. "ओमा, चॅप्टर सिक्स. 'आनामे फेरवायगर्ट.' हे म्हणजे काय? ॲक्सेप्ट करायला नो म्हणणं?"

"हो. पोस्टात लिहितात ते."

"ओह. सो द सिस्टर सेंड्स राखी एव्हरी इअर, अँड देन इट कम्स बॅक, अँड ऑन द एन्व्हलप, इन रेड इंक…"

"गार्गी, ठेव ते!" धैर्यशील ओरडला.

 बाहेर मागच्या अंगणात झाडावरून पिकलेला फिजोआ पडल्याचा धप्प आवाज आला, तेवढाच.

अस्मितानं सावकाश नवऱ्याकडे मान वळवली. चाळीस वर्षं ती या माणसाच्या संसारात होती. वाण्याच्या यादीपासून मुलांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत लाल शाईत लिहायची त्याची सवय तिला चांगली ठाऊक होती.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"बाबांनी सांगितलं होतं." धैर्यशीलचा आवाज फाटला. "पोस्टमन यायचा तेव्हा घरी मीच असायचो. 'घेण्यास नकार' असं लिहून परत द्यायचं, बाबांनी सांगितलं होतं. मी बावीस वर्षांचा होतो!"

"किती वर्षं?" हे काशिनाथरावांनी विचारलं. इतक्या वेळात ते पहिल्यांदाच बोलले होते.

"दादा, तू तेव्हा नोकरीला…"

"किती वर्षं, धैर्यशील?"

"अकरा. मग तिनं पाठवायचं बंद केलं."

"माझ्या पण होत्या त्यात?"

धैर्यशीलनं खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"मी कोणाला सोडलेलं नाही, भावजी," लीलाबाई म्हणाल्या. "पुस्तकात नुसता 'धाकटा' आहे, नाव नाही. आणि पहिलं प्रकरण माझं आहे. सगळ्यात आधी आंघोळ मी केली. तेही लिहिलंय."

ते ऐकून तो निवळेल असं ममताला वाटलं असावं, कारण ती चहाला उठली. पण माणूस उघडा पडला की निवळत नाही. धैर्यशील आणखी ताठ झाला.

"हे बघा वहिनी. हे नाव राहणार असेल तर उद्या मी हॉलमध्ये पाय ठेवणार नाही. दादाचा एकुलता एक भाऊ त्याच्या सहस्रचंद्राला नव्हता, असं लोकांना कळू दे. तुम्हाला चालणार असेल तर चालू दे. दादा, तू सांग तिला."

सगळ्यांचे डोळे काशिनाथरावांकडे वळले. ते बायकोकडे बघत होते.

"सोमवार," ते म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटत होतं, सोमवार माझ्यासाठी आहेत."

"तुमच्यासाठी गुरुवार."

गार्गी फिस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. काशिनाथराव उठले, दाराशी जाऊन जँडल्स पायात सरकवल्या आणि बादली घेऊन मागच्या अंगणात फिजोआ वेचायला गेले. घरात काही बोलायची वेळ आली की ते अंगणात जायचे. पुण्यातही जायचे, तिथे कण्हेरी होत्या.

लीलाबाईंनी पुढचा पेळू घेतला. राग त्यांना धैर्यशीलचा जेवढा आला नव्हता तेवढा त्या बादलीचा आला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मगाशी म्हणालात, खोटं नाव जाईल, दुसरं येईल. हान्स पेटर्झन खोटा आहे. मारिया लोरेन्झ खोटी आहे. लीलासुद्धा तुमच्या आईनं तांदळात लिहून दिलेलं. आहे मला ते प्रिय, पण दिलेलं आहे. मी आजवर जेवढी नावं लावली त्यात हे एकच खऱ्या माणसाचं आहे. ते काढलं तर माझं व्रत मोडलं. व्रत मी तुमच्यासाठी मोडणार नाही. तुमच्या दादांसाठीही नाही."

"मग उद्या मी नाही."

"तुमची खुर्ची मांडलेली असेल."

संध्याकाळी भेटीच्या पिशव्या भरायच्या होत्या. एका पिशवीत चांदीच्या मुलाम्याचं निरांजन, लाडवांचा डबा आणि अक्षतांची पुडी. लीलाबाई निळी पुस्तकं घेऊन बसल्या. चाळीस होती. प्रत्येक घराला एक, असं त्यांनी ठरवलं आणि तपकिरी कागदात गुंडाळायला लागल्या. प्रसन्न दारात येऊन उभा राहिला.

"आई, सीरियसली? वाटणार तू? कोणाला येतं जर्मन?"

"नाव देवनागरीत आहे."

तो आणखी काही बोलणार तेवढ्यात ममता हातात चिकटपट्टी घेऊन आली आणि सासूशेजारी बसली. दात लावून पट्टी तोडत नवऱ्याला म्हणाली, "डेअरीतून दूध आण जा. सकाळी पंचामृताला लागेल." आणि तो गेल्यावर हलकेच, "आई, माझ्या आजोळीही एका मावशीचं असंच झालं. आमच्याकडे तर फोटोच कापलेत." एवढंच बोलली. मग दोघींनी मिळून चाळीस पुडकी बांधली.

भिंतीपलीकडून अस्मिताचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. शेवटचं वाक्य मात्र स्पष्ट आलं. "मी जाणार आहे. तुम्हाला यायचं तर या."

रविवारी सकाळी हॉलमध्ये ऊन तिरपं पडलं होतं. दाराशी साठ जणांच्या चपलाबुटांची रास होती. मोरेश्वर गुरुजी आठवडाभर बस चालवायचे आणि शनिवार-रविवारी पूजा सांगायचे. त्यांनी चौरंग मांडला, हजार वाती तुपात भिजवून परातीत ठेवल्या. काशिनाथराव जरीची टोपी घालून पाटावर बसले होते. काल अंगणातून आल्यापासून ते कोणाशी धड बोलले नव्हते. जेवताना फक्त लीलाबाईंना विचारलं होतं, "राखी कशी असायची?" त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलं ते लिहिलंय. साधी. गोंड्याची. तुमची हिरवी." त्यांनी ताकाची वाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

अस्मिता पहिल्या ओळीत होती. धैर्यशील आला होता. पण शेवटच्या ओळीत, दाराजवळ, अंगातला कोट न काढता. कधीही उठून जाता येईल असा.

लीलाबाई नऊवारी सावरत हॉलभर चालत त्याच्यापाशी गेल्या. माना वळल्या. त्यांनी तपकिरी कागदातलं पुडकं त्याच्यासमोर धरलं, आणि वर एक लाल पेन ठेवलं.

"भावजी, हे तुमचं. नको असेल तर वर लिहून द्या. अक्षर तुमचं मला ओळखीचं आहे. फक्त या वेळी सगळ्यांसमोर लिहा."

त्या हळूच बोलल्या होत्या, पण हॉल शांत होता. धैर्यशीलचा चेहरा लाल झाला. हात पुढे आला तो रागानं की सवयीनं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पुडकं त्याच्या मांडीवर राहिलं. लीलाबाई थांबल्या नाहीत, परत फिरल्या.

"चला, औक्षण," गुरुजी हातातला कागद बघत म्हणाले. यादी प्रसन्ननं आठवड्यापूर्वी करून दिली होती. "आधी बहीण, मग पत्नी, मग सून. इथे लिहिलंय, बहीण नाही. म्हणजे पत्नीपासून सुरू…"

"आहे," काशिनाथराव म्हणाले.

"काय, काका?" गुरुजींनी विचारलं.

"बहीण आहे मला." ते खाकरले, आणि ज्या आवाजात उभ्या आयुष्यात वडिलांसमोर कधी बोलले नव्हते त्या आवाजात म्हणाले, "सिंधू तिचं नाव. सिंधू मोघे. मिरजेला असते. लिहून घ्या ते कागदावर. मग पुढचं."

गुरुजींनी खिसे चाचपले. गार्गीनं पळत जाऊन पेन दिलं. साठ माणसं बघत असताना मोरेश्वर गुरुजींनी 'नाही' खोडलं आणि वर नाव लिहिलं.

"छान. पण त्या तर इथे नाहीत. त्यांच्या वतीनं कोण ओवाळेल?"

लीलाबाईंनी तबक उचललं. निरांजनाची ज्योत हलली, स्थिरावली.

"आज रविवार आहे, लीला," काशिनाथराव हळूच म्हणाले.

"असू दे."

त्यांनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी फिरवली. मग तबक दोन्ही हातांत धरून ओवाळायला सुरुवात केली. सगळा हॉल इतका गप्प होता की शेवटच्या ओळीतून कागद फाटल्याचा आवाज पुढपर्यंत आला. घट्ट बांधलेला तपकिरी कागद, आधी थोडासा, मग सरळ आडवा. अस्मितानं मागे वळून बघितलं.

लीलाबाईंनी बघितलं नाही. त्यांचं ओवाळणं अजून पुरं व्हायचं होतं.